अमेरिकेत अपार्टमेंट सिंडिकेशनमध्ये पैसे घालताना: पहिल्यांदाच एलपी (नुसते पैसे घालणारे भागीदार) होणाऱ्यांसाठी

डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा, शार्लट इथल्या मराठी घरांत पैशांच्या गप्पांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी ४०१-के, मग इंडेक्स फंड, मग एखादं भाड्याने द्यायचं घर. त्यानंतर कुणीतरी ओळखीचा म्हणतो, "अरे, आम्ही २०० घरांचं अख्खं कॉम्प्लेक्स घेतोय. पन्नास हजार डॉलर घाल, बाकी तुला काही करायचं नाही."

अनेकांचे पैसे एकत्र करून अशी इमारत घेणं, याला सिंडिकेशन म्हणतात. प्रकार कायदेशीर आहे, बराच जुना आहे, आणि चांगल्या हातांत असेल तर पैसे चांगले वाढवतो. "बाकी काही करायचं नाही" हेही खरंच आहे, कारण पैसे वायर झाल्यावर तुम्हाला काही करताच येत नाही. विकायचं कधी, कर्ज कुठून घ्यायचं, मॅनेजमेंट कंपनी बदलायची का, यातलं काहीही तुम्हाला कुणी विचारणार नाही. तुमचं सगळं काम वायरच्या आधीचं. म्हणून हा लेखही जवळजवळ सगळा त्या आधीच्या कामाबद्दल आहे.

पहिली पायरी: कोण कुठे बसलाय ते ओळखा

डील शोधणारा, कर्जावर सही करणारा, इमारत चालवणारा तो जनरल पार्टनर, म्हणजे जीपी. त्यालाच स्पॉन्सर किंवा ऑपरेटरही म्हणतात. पैसे घालून शांत बसणारे तुम्ही लिमिटेड पार्टनर, म्हणजे एलपी. त्या एका इमारतीसाठी एक एलएलसी किंवा लिमिटेड पार्टनरशिप उघडतात आणि तुम्ही तिचा काही टक्के हिस्सा विकत घेता. घरांच्या कागदांवर तुमचं नाव नसतं. तुमचं नुकसान जास्तीत जास्त घातलेल्या रकमेइतकं. कर्ज बुडालं म्हणून बँक तुमच्या राहत्या घरापर्यंत येत नाही.

कमीत कमी रक्कम बहुतेक ठिकाणी ५० हजार डॉलर, काही ठिकाणी २५ हजार, काही ठिकाणी एक लाख. मुदत "५ वर्षं" म्हणून सांगतात. ती ३ होऊ शकते, ८ पण होऊ शकते. मध्येच बाहेर पडायला बाजार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मुलांच्या कॉलेजची फी, भारतात घ्यायच्या फ्लॅटचा हप्ता, नोकरी गेली तर लागणारे वर्षभराचे पैसे, यातला एक डॉलरही इथे आणू नये. ज्यांना अपार्टमेंटमध्ये गुंतवायचंय पण पैसे मोकळेही हवेत, त्यांच्यासाठी शेअरबाजारात कॅमडेन, एमएए, अॅव्हलॉनबे, इक्विटी रेसिडेन्शियल असे अपार्टमेंटवाले रीट, म्हणजे इमारती घेऊन भाड्यावर चालवणाऱ्या कंपन्यांचे शेअर, आहेत. ब्रोकरेज खात्यातून घ्या, हवे तेव्हा विका. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी पायरी: तुम्ही पात्र आहात का

ही गुंतवणूक एसईसीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या शेअरबाजार नियामकाच्या, रेग्युलेशन डी या खासगी विक्रीच्या नियमाखाली येते. तिथे दोन दारं आहेत. नियम ५०६-बीमध्ये जाहिरात करता येत नाही, जीपीची आणि तुमची आधीपासून ओळख असावी लागते, आणि अॅक्रेडिटेड नसलेले पण व्यवहार समजणारे जास्तीत जास्त ३५ जण घेता येतात. नियम ५०६-सीमध्ये उघड जाहिरात चालते, पण प्रत्येक गुंतवणूकदार अॅक्रेडिटेड हवा आणि जीपीने त्याची पडताळणी करायला हवी. ही पडताळणी बहुधा तुमच्या सीपीएच्या किंवा वकिलाच्या पत्राने होते.

अॅक्रेडिटेड म्हणजे गेली दोन्ही वर्षं एकट्याचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर किंवा नवरा-बायकोचं मिळून ३ लाखांच्या वर, आणि यंदाही तेवढंच अपेक्षित. किंवा राहतं घर सोडून नेट वर्थ १० लाख डॉलरच्या वर. राहतं घर धरायचं नाही हे अनेकजण विसरतात.

हा कायदा समजण्याचा लगेच एक उपयोग होतो. एखादी डील फेसबुकवर किंवा सहाशे जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर झळकते आहे आणि वर सांगतायत की अॅक्रेडिटेड नसलात तरी चालेल, तर यांना नियम माहीत नाहीत किंवा त्यांची पर्वा नाही. दोन्ही बाबतींत तिथून उठायचं.

एच-१बीवर असलेल्यांचा नेहमीचा प्रश्न: एलपी म्हणून नुसते पैसे घालणं ही निष्क्रिय गुंतवणूक आहे, त्याला साधारणपणे आडकाठी नसते. पण त्याच डीलसाठी मित्रांकडून पैसे गोळा करणं, इमारतीचं काम बघणं, त्याबद्दल हिस्सा घेणं हे काम धरलं जाऊ शकतं. तसा प्रस्ताव आला तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

तिसरी पायरी: माणूस तपासा

इथे आपल्या लोकांची एक खास अडचण आहे. महाराष्ट्र मंडळात ढोल-ताशा एकत्र वाजवलेला माणूस, मुलीच्या मराठी शाळेतल्या मैत्रिणीचे बाबा, आपल्याच कॉलेजचा सीनियर. अशा माणसाला कागद मागायचा संकोच वाटतो. ओळखीपाळखीच्या विश्वासावर चालणाऱ्या फसवणुकीबद्दल एसईसी वेगळा इशारा देते, तो याचसाठी. बहुतेक वेळा फसवणुकीचा हेतू नसतोही. तुमच्यासारखाच आयटीत काम करणारा, दोन वीकेंडचे क्लास केलेला माणूस प्रामाणिक उत्साहाने तुम्हाला बोलावत असतो. पण प्रामाणिकपणाने व्याजदर खाली येत नाहीत.

पहिला प्रश्न त्याला तोंडावर विचारा: "यात तुला काय मिळतं?" अनेक डीलमध्ये दहा-बारा सह-जीपी असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं काम फक्त पैसे जमवणं. तुमचा मित्र त्यातला असेल तर इमारत तो चालवणार नाही. जो चालवणार आहे त्याच्याशी तुमचं बोलणं झालं पाहिजे. पैसे जमवण्याबद्दल परवान्याशिवाय मोबदला घेणं हाही एसईसीच्या नियमांत अडकणारा मुद्दा आहे, त्यामुळे उत्तर देताना तो अडखळला तर ते लक्षात ठेवा.

मग मुख्य ऑपरेटरकडून त्याच्या सगळ्या डीलची यादी मागा. "आम्ही ४,००० डोअर्स चालवतो" हे वाक्य पुरेसं नाही. त्यातली किती घरं तो स्वतः चालवतो आणि किती ठिकाणी त्याचा दोन टक्के हिस्सा आहे? प्रत्येक डीलमध्ये काय सांगितलं होतं आणि काय झालं? कुठे डिस्ट्रिब्युशन (एलपींना होणारं पैशांचं वाटप) थांबलंय, कुठे कॅपिटल कॉल झाला, म्हणजे एलपींकडे जादा पैसे मागितले? २०१५ ते २०२१ या काळात दर खाली होते, भाडी चढत होती, आणि जवळजवळ सगळ्यांनीच पैसे कमावले. त्या वर्षांतल्या विक्रीवर माणूस कळत नाही. २०२२नंतर त्याने काय केलं यावर कळतो.

आता त्याने न सांगितलेलं शोधा. एसईसीच्या एडगर संकेतस्थळावर फॉर्म डी, म्हणजे अशा विक्रीची जीपीने दिलेली सूचना, फुकट दिसतो, पहिल्या विक्रीनंतर १५ दिवसांत तो भरावा लागतो. काउंटीच्या कोर्टाच्या नोंदींत त्याच्या आणि त्याच्या एलएलसींच्या नावाने खटले शोधा. टेक्ससमध्ये जप्तीचे लिलाव दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात आणि त्याची नोटीस किमान २१ दिवस आधी काउंटी क्लर्ककडे लागते. ती यादी कुणालाही बघता येते. जुन्या एलपींचे नंबर मागाच, पण तो आनंदी लोकांचेच नंबर देणार. तेव्हा रखडलेल्या डीलमधल्या एखाद्याशी बोलायचंय असं आवर्जून सांगा.

चौथी पायरी: कर्ज. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

सादरीकरणात पोहण्याचा तलाव आणि नवीन किचन पहिल्या पानावर असतात, कर्ज बाविसाव्या पानावर एका ओळीत. तुम्ही बाविसाव्या पानापासून वाचायला लागा.

समजण्यासाठी एक काल्पनिक डील घेऊ. डॅलसच्या उपनगरात १९८५च्या सुमारास बांधलेलं २०० घरांचं कॉम्प्लेक्स. किंमत २ कोटी ४० लाख डॉलर. सगळा खर्च वजा जाता, पण कर्जाचा हप्ता धरण्याआधी, वर्षाला १३ लाख २० हजार उरतात. याला एनओआय म्हणतात. एनओआय भागिले किंमत म्हणजे कॅप रेट, इथे ५.५ टक्के. कर्ज किमतीच्या ७० टक्के, म्हणजे १ कोटी ६८ लाख. उरलेले ७२ लाख, दुरुस्तीचे २० लाख, क्लोजिंगचे आणि राखीव ८ लाख, असे १ कोटी डॉलर एलपींकडून गोळा केले.

कर्जावर ६ टक्के, सुरुवातीला फक्त व्याज. वर्षाचं व्याज १० लाख ८ हजार. उरले ३ लाख १२ हजार, म्हणजे एलपींच्या एक कोटीवर जेमतेम ३.१ टक्के. पत्रकावर मात्र "८ टक्के प्रेफर्ड रिटर्न" लिहिलेलं असतं आणि नवखा माणूस ते एफडीच्या व्याजासारखं वाचतो. प्रेफचा अर्थ एवढाच की नफा असेल तर पहिले ८ टक्के एलपींचे, त्यानंतर जीपीला वाटा. पैसेच नसतील तर ते आठ टक्के कागदावर साचत राहतात. पहिल्या महिन्यापासून पूर्ण ८ टक्के हातात पडत असतील आणि हिशेब वरच्यासारखा असेल, तर तुमचेच राखीव पैसे तुम्हाला परत दिले जातायत का, हे विचारा.

आता हेच कर्ज तरत्या, म्हणजे बाजाराबरोबर बदलणाऱ्या, दराचं आहे असं धरा. २०२१ मध्ये असंख्य डील अशाच ब्रिज लोनवर, म्हणजे थोड्या मुदतीच्या कर्जावर, झाल्या. मार्च २०२२ मध्ये फेडचा दर शून्याच्या जवळ होता, जुलै २०२३ मध्ये ५.२५ ते ५.५० टक्के झाला. आपल्या डीलचा दर ६वरून ८.५ टक्क्यांवर गेला तर व्याज १४ लाख २८ हजार. एनओआय १३ लाख २० हजारच. इमारत भरलेली, भाडी येतायत, तरी वर्षाला १ लाख ८ हजारांचा खड्डा. हे असंच घडलं. एप्रिल २०२३ मध्ये ह्यूस्टनमधली एकाच सिंडिकेटरची चार कॉम्प्लेक्स, मिळून तीन हजारांहून जास्त घरं, जप्त झाली आणि एलपींचे पैसे गेले. त्यातल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच असे पैसे घातले होते.

म्हणून विचारायचे प्रश्न हे. दर स्थिर आहे की तरता? तरता असेल तर रेट कॅप घेतलीय का, कितीवर, आणि ती कधी संपते? रेट कॅप म्हणजे दर एका मर्यादेपलीकडे गेला तर वरचा भार उचलणारा करार. २०२१ मध्ये तिची किंमत किरकोळ वाटायची, २०२३पर्यंत कित्येक पटींनी वाढली होती. कर्जाची मुदत किती? ठरलेला काळ पाच वर्षांचा आणि कर्ज तीन वर्षांचं, तर मधल्या दोन वर्षांचं काय? "दोनदा एकेक वर्ष वाढवता येतं" असं उत्तर येईल. त्या वाढीच्या अटी मागा, कारण एनओआय ठरावीक पातळीला पोचलं नसेल तर वाढ मिळत नाही. फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या सरकारी पाठबळाच्या संस्थांचं दीर्घ मुदतीचं स्थिर कर्ज असेल तर झोप शांत लागते. मात्र त्यात लवकर विकलं तर मोठा दंड असू शकतो, तोही विचारून ठेवा.

कर्जानंतर एकच आकडा बघायचा झाला तर विक्रीच्या वेळी धरलेला कॅप रेट बघा. आपल्या डीलमध्ये दुरुस्त्या होऊन पाच वर्षांनी एनओआय १६ लाखांवर गेलं असं धरू. काम उत्तम झालं, २१ टक्के वाढ. जीपीने विक्री ५ टक्के कॅपला धरली असेल तर किंमत ३ कोटी २० लाख. कर्ज आणि २ टक्के विक्रीखर्च जाऊन १ कोटी ४५ लाखांच्या आसपास उरतात, सगळे खूश. पण बाजार ६.५ टक्क्यांवर असेल तर किंमत सुमारे २ कोटी ४६ लाख, आणि उरतात ७३ लाख. एक कोटी घातले होते. इमारत तीच, काम तेवढंच चांगलं, आणि मुद्दलाचा चौथा हिस्सा गेला.

तेव्हा खरेदीच्या कॅपपेक्षा कमी कॅपला विक्री धरली असेल तर तो जीपी आशेवर हिशेब मांडतोय असं समजा. मी तर खरेदीपेक्षा किमान अर्धा टक्का जास्त धरलेलं नसेल तर पुढचं पान उलटत नाही.

पाचवी पायरी: रेंट रोल आणि टी-१२ मागून घ्या

सगळे जीपी देत नाहीत. चांगले देतात, निदान स्क्रीनवर दाखवतात. टी-१२ म्हणजे मागच्या बारा महिन्यांचा जमाखर्च, विकणाऱ्याचा. रेंट रोल म्हणजे घराघराची यादी.

समजा रेंट रोलमध्ये एक ओळ आहे: युनिट ११४, बाजारभाव १,२५०, करारातलं भाडं १,२१०, सवलत ६०५, थकबाकी २,४२०, राहायला आल्याची तारीख विक्रीच्या दीड महिना आधी. सादरीकरणात हे घर "भरलेलं" म्हणून मोजलंय. ओळ मात्र सांगते की भाडेकरूला अर्धा महिना फुकट दिलाय, दोन भाडी थकली आहेत, आणि कदाचित विक्रीआधी आकडा फुगवायला कुणालाही घाईने चावी दिली गेलीय. अशा ओळी किती आहेत ते मोजा. म्हणून "९४ टक्के भरलेलं" हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न, प्रत्यक्ष हातात पडलेलं भाडं पूर्ण भाड्याच्या किती टक्के? ८४ असेल तर फरक दहा टक्क्यांचा, आणि एनओआयचा मोठा तुकडा त्यातच जातो.

टी-१२मध्ये दोन ओळींवर बोट ठेवा. एक, प्रॉपर्टी टॅक्स. टेक्ससमध्ये व्यक्तीला राज्याचा आयकर नाही, त्याची भरपाई या करातून होते, आणि अनेक ठिकाणी सगळे मिळून दर २ टक्क्यांच्या आसपास किंवा वर जातो. विकणारा १ कोटी ८० लाखांच्या मूल्यांकनावर २.२ टक्के भरत होता, म्हणजे ३ लाख ९६ हजार. काउंटीने ते २ कोटी २० लाखांवर नेलं तर ४ लाख ८४ हजार. वर्षाला ८८ हजारांचा फरक, आणि ५.५ कॅपने इमारतीच्या किमतीत तो १६ लाखांचा पडतो! जीपीने जुनाच कर पुढे ओढलाय का, बघा.

दुसरी ओळ विम्याची. टेक्ससमधल्या गारा, फ्लोरिडातली वादळं. विकणाऱ्याचा हप्ता तुम्हाला मिळणार नाही. नवं कोटेशन हातात आहे का?

भाडेवाढीचा अंदाजही तपासा. "आतून रंगरंगोटी करून २०० डॉलर वाढवू" म्हणतात तेव्हा त्याच कॉम्प्लेक्समध्ये दुरुस्त केलेल्या काही घरांना तेवढं मिळालंय का, ते रेंट रोलमध्येच दिसतं. शेजारी नवीन इमारती उभ्या राहत असतील तर त्या दोन महिने फुकट देऊन तुमचे भाडेकरू ओढतात. ऑस्टिनमध्ये २०२३-२४ला नव्या घरांचा एवढा लोंढा आला की भाडी उतरली.

सहावी पायरी: इमारत पाहून या

गाडीने जाण्याजोगी असेल तर जाच. ऑफिस सुटल्यानंतरची वेळ धरा, लोक घरी परतत असतात तेव्हा. जीपीची टूर वेगळी, तुमची वेगळी.

डॅलसकडची जमीन चिकणमातीची. पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि जुन्या इमारतींचे पाये हलतात. खिडकीच्या कोपऱ्यापासून विटांत तिरकी गेलेली भेग बघा. इमारतींच्या मागे जमिनीवर एसीचे कंडेन्सर ओळीने असतात. त्यात रिकामे चौथरे दिसले तर तांब्यासाठी चोरी होते किंवा दुरुस्तीला पैसे नाहीत. फळ्या ठोकून बंद केलेली घरं, छपरावरची निळी ताडपत्री, जिन्याच्या गंजलेल्या पायऱ्या. लाँड्रीच्या खोलीत डोकवा. तिथे भेटलेल्या माणसाला "कसं आहे इथे राहायला?" एवढंच विचारलं तरी पाण्यापासून झुरळांपर्यंत सगळं कळतं.

जीपीला मात्र न दिसणारं विचारा. साधारण १९७८ ते १९९५ मधल्या बांधकामांत पॉलिब्युटिलीनचे करडे पाइप असू शकतात, जे ठिसूळ होऊन फुटतात. फरशीखालची ओतीव लोखंडी सांडपाण्याची लाइन कॅमेरा घालून तपासली का? छपराचं आयुष्य किती उरलंय? फेब्रुवारी २०२१च्या थंडीच्या लाटेत टेक्ससभर पाइप फुटले होते, तेव्हा इथे काय झालं होतं?

सातवी पायरी: कागद

तीन दस्तऐवज येतात: पीपीएम (डीलची आणि धोक्यांची माहिती), ऑपरेटिंग अॅग्रीमेंट (एलएलसी कशी चालेल याचा करार), सबस्क्रिप्शन अॅग्रीमेंट (हिस्सा घेण्याचा करार). पीपीएम शंभर पानांचा असतो आणि त्यातली धोक्यांची यादी वाचून घाबरायला होतं. तिच्यात सगळंच लिहिलेलं असतं, त्यामुळे तिथे फार अडकू नका. ऑपरेटिंग अॅग्रीमेंट मात्र ओळ न ओळ वाचा, आणि पहिल्या खेपेला सिक्युरिटीज समजणाऱ्या वकिलाला पैसे देऊन वाचून घ्या. तुमचे हक्क तिथेच आहेत.

फी बघा. खरेदीची फी किमतीच्या १ ते ३ टक्के असते. आपल्या डीलमध्ये २ टक्के म्हणजे क्लोजिंगच्याच दिवशी जीपीला ४ लाख ८० हजार. शिवाय दर महिन्याची अॅसेट मॅनेजमेंट फी, दुरुस्तीवर देखरेखीची फी, पुन्हा कर्ज घेतलं तर त्याची, विकलं तर त्याची. फी असण्याला माझी हरकत नाही, काम करणाऱ्याला मोबदला हवाच. पण जीपी जेव्हा सांगतो की "आम्हीही ५ लाख घालतोय," तेव्हा ते स्वतःच्या खिशातले आहेत की याच खरेदीच्या फीतून फिरवलेले, हे विचारलंच पाहिजे. इमारत बुडाली तर त्याचं स्वतःचं काय जाणार, हे त्या उत्तरात असतं.

मग कॅपिटल कॉलचं कलम. जादा पैसे मागितले आणि तुम्ही दिले नाहीत तर काय? कुठे तुमचा हिस्सा प्रमाणात कमी होतो, कुठे दंड लावून कमी करतात, कुठे पैसे देणाऱ्यांचं कर्ज तुमच्या आधी फेडलं जातं. जीपीला काढता येतं का, किती मतांनी, आणि फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच का? प्रेफ साचतो का, त्यावर पुन्हा वाढ धरतात का? मुद्दल आधी परत येतं की नफा आधी वाटतात? एलपींमध्ये "क्लास ए" आणि "क्लास बी" असतील तर कोण आधी, कोण नंतर?

आयआरआर (पैसे कधी मिळाले ते धरून काढलेला वार्षिक चक्रवाढ परतावा) आणि मल्टिपल (घातलेले पैसे एकूण किती पट झाले) यांचा गोंधळ इथे मिटवून टाका. ५ वर्षांनी एकदम दुप्पट मिळालं तर आयआरआर १४.९ टक्के येतो. जाहिरातीतला "२० टक्के वार्षिक" हा अनेकदा एकूण नफा भागिले वर्षं असा काढलेला असतो.

आठवी पायरी: वायर

ही पायरी छोटी आहे, पण इथे चूक झाली तर पैसे परत मिळणं फार अवघड. वायरची माहिती ईमेलने आली की आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खातं क्रमांक तोंडी पडताळा. त्या ईमेलमधल्या नंबरवर फोन करू नका. पैसे त्या डीलच्या एलएलसीच्या नावाने जावेत, कुणा व्यक्तीच्या नाही. "दोनच जागा उरल्यात, आज रात्री पाठव" असं कुणी म्हणालं तर त्या दोन जागा दुसऱ्यांना जाऊ द्या.

आयआरए या निवृत्तीच्या खात्यातून पैसे घालायचे असतील तर सेल्फ-डायरेक्टेड आयआरए लागते. कर्जाच्या भागातून आलेल्या उत्पन्नावर तिथेही कर बसू शकतो, हे सीपीएशी आधी बोलून घ्या.

पैसे गेल्यानंतर

तिमाही अहवाल येतील. त्यातला फोटोंचा भाग सोडा आणि चार गोष्टी लिहून ठेवत जा: जमा झालेलं भाडं, एनओआय, कर्जाचा हप्ता, शिल्लक राखीव निधी. अहवाल उशिरा यायला लागले की प्रश्न विचारायला सुरुवात करा.

कॅपिटल कॉल आलाच तर आधी घातलेले पैसे वाचवायचे म्हणून घाईने नवे घालू नका. आज नव्यानेच या इमारतीत पैसे घातले असते का, हा प्रश्न स्वतःला विचारा. जीपीकडून आजची अंदाजे किंमत, कर्जाची बाकी, मुदत संपण्याची तारीख, आणि तो स्वतः किती घालतोय हे लेखी घ्या. या पैशाने इमारत पुढची मुदत गाठेल की फक्त सहा महिने ढकलेल, यावर निर्णय ठरतो.

कराच्या बाबतीत दरवर्षी के-१, म्हणजे तुमच्या वाट्याचा नफा-तोटा दाखवणारा फॉर्म, येतो. पार्टनरशिपची मुदत १५ मार्च, वाढवून घेतली तर १५ सप्टेंबर, आणि बरेच जीपी वाढवून घेतात. म्हणजे तुम्हालाही मुदतवाढीचा फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागेल. पहिल्या वर्षीच्या के-१वर मोठा तोटा दिसला तर दचकू नका. राहत्या इमारतीचा घसारा २७.५ वर्षांत विभागतात, पण कॉस्ट सेग्रिगेशन करून, म्हणजे इमारतीतल्या कमी आयुष्याच्या वस्तू वेगळ्या मोजून, काही भाग पहिल्याच वर्षी वजा करता येतो. १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेसाठी हा बोनस घसारा जुलै २०२५च्या कायद्याने पुन्हा १०० टक्के केला आहे.

मात्र हा तोटा निष्क्रिय धरला जातो, तो नोकरीच्या पगारातून वजा होत नाही. पुढे साठत जातो आणि अशाच दुसऱ्या निष्क्रिय उत्पन्नाविरुद्ध किंवा विक्रीच्या वेळी कामी येतो. "पगारावरचा टॅक्स शून्य होईल" असं सांगून डील विकणारे भेटतील. नवरा-बायको दोघंही पूर्णवेळ नोकरी करत असाल तर ते तुमच्यासाठी नाही. तोवर घेतलेल्या घसाऱ्यावर विक्रीच्या वर्षी कर परत द्यावा लागतो, इमारतीच्या भागावर २५ टक्क्यांपर्यंत. इमारत जॉर्जिया, अॅरिझोना किंवा नॉर्थ कॅरोलायनात असेल तर त्या राज्याचंही रिटर्न भरावं लागू शकतं.

डील चालू असताना भारतात परत जाणार असाल तर निघण्याआधीच जीपीला नवा पत्ता कळवा आणि अमेरिकेतलं बँक खातं चालू ठेवा. तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसाल आणि करासाठी अनिवासी ठरलात, तर करासाठी निवासी असलेल्यांच्या डब्ल्यू-९ फॉर्मऐवजी अनिवासींचा डब्ल्यू-८बेन द्यावा लागतो. मग पार्टनरशिप तुमच्या वाट्याच्या करपात्र उत्पन्नावर सर्वात वरच्या दराने, सध्या ३७ टक्के, कर कापून भरते. जास्तीचा परत मिळवायला १०४०-एनआर हे अनिवासींचं रिटर्न भरायचं. भारतात पूर्ण निवासी झाल्यावर हा हिस्सा तिथल्या रिटर्नमध्ये शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावा लागतो, डिस्ट्रिब्युशन आलेलं असो वा नसो. त्यामुळे सगळे के-१, सही केलेलं ऑपरेटिंग अॅग्रीमेंट आणि वायरची पावती एका फोल्डरमध्ये सोबत न्या. पुण्यातला सीए पहिल्या भेटीत हेच मागेल.